सहा वाजताची जागा

पाइपाच्या तोंडाला घड्याळ मानायचं,
हे हेडाऊंनी पहिल्याच दिवशी शिकवलं.
माथ्यावर बारा, बुडाशी सहा.
"गंज कवाबी सहा वाजता येते, पोरी.
वरून डिझेल वाहून जाते,
खाली पाणी बसून राहाते."

डिझेलमध्ये पाणी ते किती?
बाटली उन्हात धरली तरी दिसणार नाही.
पण शेकडो किलोमीटर चालून आलेलं ते पाणी
खापरीच्या अलीकडे, सखल वळणात,
टेकतं.
आणि टेकलं की खायला लागतं.

मे महिना. शेचाळीस.
व्हॉल्व्हच्या चाकावर ओला दुपट्टा टाकून
आम्ही कूपन बाहेर काढतो:
बोटाएवढी पोलादी पट्टी,
पाइपाच्याच जातीची,
नव्वद दिवस तेलात उभी केलेली,
एवढ्याचसाठी की तिचं काय झालं
त्यावरून त्याचं काय चाललंय ते कळावं.

प्रयोगशाळेत मी तिला धुते.
काळा साका सुटतो, सडक्या अंड्याचा वास.
तराजूची काचेची दारं लावून घेते,
श्वास धरते,
माझ्या श्वासानंही चौथा आकडा हलतो.
जाताना अकरा पूर्णांक दोन शून्य चार तीन.
येताना दहा पूर्णांक आठ नऊ एक एक.
गेल्या खेपेच्या तिप्पट.

पुन्हा वजन केलं. तेच.

हेडाऊ काही बोलले नाहीत.
डोझिंग पंपापाशी जाऊन उभे राहिले.
टक्. टक्. टक्.
पंप चालूच होता.
रजिस्टरातही चालूच होता,
तीन पाळ्या, तीन महिने,
"पंप चालू" आणि पुढे सही.
मंगळवार-गुरुवारची सही माझी.

मग त्यांनी पिंपाचं झाकण उघडून
आत काठी बुडवली.
औषध जिथल्या तिथं.
पाइपात शिरणाऱ्या नळीचं तोंड चोंदलं होतं;
दाब वाढला की औषध वळसा घेऊन
निमूट परत पिंपात.
टक्. टक्.

मला वाटलं, आता ओरडतील.
ते उकिडवे बसले, तारेनं नळी कोरत म्हणाले,
"माहा बाप गोळीबार चौकात लुगडी विणे.
ताण्याले कांजी लावाचं काम माह्याकडं.
एकडाव म्या अर्धा ताणा तसाच सोडला,
खेळाले जायचं होतं.
कोनाले दिसलं नाई, बाप्पा.
सूत तं सूतच दिसते.
तिसऱ्या दिवशी मागावर
पटापट, पटापट तुटत गेलं.
बाप मारला नाई. गाठी माराले बसवलं.
रात्रभर."

तार त्यांनी माझ्या हातात दिली.

गाठी मारायच्या म्हणजे काय, ते पुढच्या आठवड्यात कळलं.
पिग सोडला; नळीतून रबरी कडा घासत, तेलाच्या रेट्यानं,
तो पहाटे तीनला डेपोत पोचला.
झाकण उघडलं तेव्हा त्याच्यापुढे
अडीच बादल्या काळा चिखल.
हेडाऊंनी बोटावर घेऊन हुंगला,
पायजम्याला पुसला,
बायको ओरडेल म्हणाले.
मग जाडी मोजत फिरलो,
मी खाली आडवी पडून, यंत्र सहाच्या जागेवर धरून
आकडे सांगत, ते लिहीत.
साडेसहा मिलिमीटर. सहा पूर्णांक चार. साडेसहा.
एका ठिकाणी पाच पूर्णांक एक.
तिथे त्यांनी खडूनं गोल काढला
आणि दोनदा गिरवला.

तीस जूनला ते निवृत्त झाले.
समोसे, शाल, साहेबांचं भाषण.
त्यांना बोला म्हटलं, तर एवढंच:
"अठ्ठावीस वर्सं आत होतो. आता काढलं.
घरी गेल्यावर बायको वजन करन."
पोट्टे खूप हसले. मीही.

नवं कूपन बसवलंय. क्रमांक एकशे अठरा.
पंपाजवळ भिंतीला ती काठी टेकवलेली असते,
तिच्यावर त्यांच्या खडूच्या खुणा
पावसाळी हवेनं पुसट झाल्यात.
मी ब्लेडनं नव्या पाडल्या.
काल इथवर होतं.
आज दोन बोटं खाली.

मग सही.